सहा ऑगस्टचा चहा

आई, गेल्या महिन्यात, सहा ऑगस्टला, एका पेपरची मुलगी तुझ्यावर लिहायला घरी आली होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या कथा वाचून कोणी पत्ता शोधत येतं म्हटल्यावर मी हरखूनच गेले. हॉल आवरला, तुझी पुस्तकं पुसून टेबलावर मांडली आणि ती दारात दिसल्याबरोबर आलं किसून चहा टाकला. हिरोशिमाच्या दिवशी! आपल्या घरात! गडबडीत विसरले गं.

तुझा तो नेम आम्हां पोरांना किती छळायचा. हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या तारखेला आपल्याकडे दिवेलागणीपर्यंत गॅस पेटायचा नाही. आदल्या दिवशीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. एरवी चहाशिवाय तुझं पान हलायचं नाही, पण त्या दिवशी तोही नाही. माझा डबा बघून वर्गातल्या मुली विचारायच्या, ‘तुझी आई आजारी आहे का?’ मी खुशाल ‘हो’ म्हणायचे. रणगाड्यांचं हे गाव, घरटी कोणी ना कोणी फौजेत, आणि तू चौकात ‘अणुबॉम्ब नको’ असा फलक धरून उभी! लाज वाटायची मला तुझी. एकदा मी फारच आदळआपट केली. तू ओट्याशी उभी राहून कथा लिहीत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘एक दिवस विस्तव नको म्हटलं तर तुझा जीव जातोय. तिथली माणसं विस्तवातच गेली.’ मग पेन्सिल ठेवलीस आणि माझ्या शिळ्या भाकरीवर तूप-साखर घातलीस.

तर त्या मुलीने कप तोंडाला लावला आणि म्हणते, “ताई, आज तुमच्याकडे गॅस पेटत नाही ना? मॅडमनी लिहिलंय पुस्तकात.” माझ्या तोंडून पटकन निघालं, “छे छे, हा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मागवलाय.” स्वयंपाकघरातून आल्याचा वास येतोय आणि मी बिनदिक्कत! रविवारी माझ्या फोटोसकट छापून आलं, की लेक अजून आईचा नेम पाळते.

मग फोन सुरू झाले. एक पुणतांब्याहून होता. तू तिथे सभा घेतली होतीस, ती ऐकलेली बाई. मुलगा फौजेत आहे तिचा. म्हणाली, “बाई बोलून गेल्या तवापास्नं आमी त्या दिशी चूल पेटवत न्हाई. सून लई कुरकुर करती. म्हनती, ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी तरी पाळत्यात का? आज पेपर दावला, तवा गप बसली.” मी नुसती ‘व्हय, व्हय’ करत राहिले. शरमेनं कान तापले, आई. तिचा नंबर मोबाईलमध्ये आहे. रोज काढते आणि परत ठेवून देते.

हे लिहून तुझ्या फोटोपुढे वाचायचं आणि मग तिला खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. पण वाचायला तोंड नाही. वर ‘विसरले’ म्हणून लिहिलंय ना, तेही खोटंच आहे. लायटर हातात घेतला तेव्हा मला आठवलं होतं. म्हटलं, आता कोण बघतंय.