कुलपांच्या दालनातला खेळ

३ तारीख, सोमवार
संचालकबाईंनी स्पष्टच सांगितलं. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपतंय. मुलं म्युझियममध्ये रमतील असा खेळ उभा राहिला तर पुढे, नाहीतर नारळ. अट एकच, खेळ मुलांसोबत बसून बनवायचा. हात्तिच्या! खेळ माझ्याकडे तयारच आहे. मुलांना फक्त सोबत बसवायचं.

५ तारीख
पहिली बैठक. आठ मुलं. त्यातली एक माझीच मुलगी, वय अकरा. मला ओळखत नसल्यासारखी मागे बसली. व्यावसायिक अंतर! आवडलं.
खेळाचं नाव 'कुलूपज्ञान'. प्रश्न चौऱ्याऐंशी. नियमांची एकोणीस पानं वाचून दाखवली. एवढी शांतता की एकाचा डोळा लागला.
निश्चय: उद्यापासून आपण गप्प, मुलांचं ऐकायचं.

६ तारीख
ऐकणारच होतो. पण एका मुलानं विचारलं की या कुलपाची किल्ली कुठाय. सव्वादोन तास गेले. माझा दोष नाही, विषयच तसा आहे.

११ तारीख, दुपारी ४
चमत्कार! मुलं आपणहून दालनात पळतायत. दारापासून मागच्या जिन्यापर्यंत, खांबाआड लपत. मी दिसलो की किंचाळून पसार. एक हाती लागला, त्याला पितळी कुलूप समजावलं. बाकीचे लांबून 'आउट, आउट' ओरडत होते. काय तो उत्साह! मुलीला विचारलं, कसं चाललंय. मस्त, म्हणाली. बाबा, तुम्ही फक्त असेच बोलत राहा, म्हणाली. भरून आलं.

१९ तारीख
बाई खेळ बघायला आल्या. नियम मुलांनीच सांगितले. दालन पार करायचं. वाटेत माहितीकाकांनी गाठलं तर सगळं ऐकून घ्यायचं. ऐकलेलं दुसऱ्याला नीट सांगता आलं तरच सुटका. माझ्या एकोणीस पानांचं एवढंसं केलं कार्ट्यांनी! माहितीकाका हे काल्पनिक पात्र असावं. बाई हसून हसून खालीच बसल्या. कल्पना कुणाची म्हणून विचारलं, तर सगळ्यांची बोटं माझ्या मुलीकडे. शेवटी रक्त कुणाचं!
खेळ मंजूर. म्हणजे मीही.

२४ तारीख
सुतार माझी उंची आणि खांदे मोजून गेला. नवीन टेबल येणार. टेबलासाठी नाकाचं माप कशाला, विचारलं. बाईंनी सांगितलंय म्हणाला. काम चोख दिसतंय.

३० तारीख
टेबल नाही. दालनाच्या मधोमध प्लायवूडचा मी उभा आहे, बोट वर करून. बटण दाबलं की माझ्याच आवाजात पितळी कुलूप सुरू होतं. आवाज कधी भरून घेतला कोण जाणे. बाई म्हणाल्या, खेळाला माहितीकाका रोज लागणार, आणि याला मध्येच बंद करता येतं. मग माझा हात हातात घेऊन आभार मानले. कॉन्ट्रॅक्ट आजपर्यंतच.
वाईट वाटलं. खूपच वाटलं. तसा प्लायवूडमध्ये मी जरा उंच दिसतो.
निघताना मुलगी तिथेच होती, त्याच्या कमरेभोवती हात टाकून. तिला त्याच्यासोबत फोटो हवा होता. काढायला मलाच सांगितलं.