घाणेरीचे जांभळे डाग

४ जानेवारी

परत डाग! दवाखान्याच्या चादरी सकाळी पांढऱ्याशुभ्र वाळत घातल्या, दुपारी बघते तर बुलबुलांनी पार वाट लावलेली. शेजारीच राहणाऱ्या वन्संच्या कुंपणाची घाणेरी काळ्या फळांनी लगडली आहे. मेले तिथे गिळतात आणि माझ्या दोरीवर येऊन मोकळे होतात. थंडीत चादरी वाळायला अख्खा दिवस लागतो, म्हणजे त्यांची अख्खा दिवस चंगळ.

वन्संना म्हटलं, तोडा ते. मोठी नणंद, म्हणून सुरुवात गोडच केली. म्हणाल्या, "तुझ्या चादरींसाठी पाखरांनी उपाशी मरायचं का गं?" टाळकंच सरकलं!

५ जानेवारी

मशीनमध्ये डाग फिकटसुद्धा होत नाहीत. हे म्हणाले, "दे इकडे, मी बघतो." गाठोडं घेऊन मागे गेले. संध्याकाळी चादरी लख्ख! ह्यांच्या हाताला गुण आहे. भाऊ बघा आणि बहीण बघा.

९ जानेवारी

एक डाग राहून गेला होता. मोठ्या सिस्टरांनी चादर माझ्या नाकासमोर धरली — "पुन्हा दिसलं तर काम दुसऱ्या लॉन्ड्रीला." दवाखाना गेला तर आमच्याकडे उरतं काय? शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शर्ट.

१० जानेवारी

कुंड्यांत घाणेरी, गटाराकडेला घाणेरी, मोरीच्या भेगेतही घाणेरी! पाखरांची फुकटची पेरणी. वन्संना म्हटलं, हे झाड इथलं नाहीच, बाहेरून येऊन माजलंय.

"बाहेरून तर तूही आलीस. तुला उपटलं का कोणी?"

रात्री जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी

वन्सं दाढ काढायला गेल्या. मी कोयता घेतला. हात सोलवटले, तो उग्र वास अजून नाकात आहे — पण कुंपण साफ! बुलबुल विजेच्या तारेवर बसून कोकलत होते. कोकला!

वन्सं आल्या, गाल टम्म सुजलेला. बघत राहिल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१३ जानेवारी

तोडलेल्या फांद्या उचलायच्या राहिल्या. मेले खाली उतरून फळं खातात आणि बसायला झुडूप नाही म्हणून थेट दोरीवरच ठाण मांडतात! चादरी कधी नव्हे इतक्या बरबटल्या.

गाठोडं ह्यांच्यापुढे टाकलं. "आज राहू दे," म्हणाले.

"का?"

"राहू दे म्हणतो ना!"

मीही आवाज चढवला — दवाखाना थांबणार आहे का? शेवटी गाठोडं उचलून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१४ जानेवारी

सकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिले, तर वन्संची मोरी दिसली. इतकी वर्षं घाणेरीमागे झाकलेली. सुजल्या गालावर फडकं बांधून वन्सं दगडावर माझ्या चादरी चोळत होत्या. हात मनगटापर्यंत जांभळे. हे शेजारी उभे राहून पाणी ओतत होते.

वन्संनी वर बघितलं. तोंड लपवायला मी झुडूपही ठेवलं नाही.