पाण्यातले हात

बाबा, आज कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, माझ्याच कानासाठी. तिथून आलो तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आईला सांगितली तर ती जेवणार नाही, म्हणून लिहितो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचो. त्यामुळे हे पत्र कुठं पाठवता आलं असतं तरी वाचायला मलाच यावं लागलं असतं, आणि मी पुन्हा एखादी ओळ गाळली असती.

तो फोटो तुम्हाला आठवत असेल. गोंदियाला स्टेशनजवळच्या तिकिटांच्या दुकानात लागून मला दोन वर्षं झाली होती. नववीनंतर शाळा सुटली, पण अक्षर चांगलं आणि लिहिण्यातली चूक मला सहन होत नाही, म्हणून मालकांनी फॉर्म भरायला ठेवलं होतं. एका राईस मिलवाल्यांच्या मुलाची लग्नानंतरची अंदमानची तिकिटं मीच काढली. परत आल्यावर त्यानं एक फोटो आणून दिला. पाठीवर हवेची टाकी बांधून तो समुद्राच्या तळाशी उभा आहे, दोन्ही हात पसरून. मालकांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. मी त्याची प्रत काढून घरी आणली, अशीच, गंमत म्हणून. तुम्ही चुलीपाशी बसला होतात. फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलात.

"ह्या पोराच्या पायाखालची रेती दिसून रायली ना रे. पान्यातच हाये का हा?"

"पाण्यातच आहे, बाबा."

तुम्ही फोटो मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "मी एवढी जिंदगी पान्यात गेलो, पन माहे सोताचे हात नाई पायले कदी."

आपल्या तलावाचं तुडुम बंद करणं हे तुमचं काम, तुमच्या आधी आजोबांचं. पाणी सोडायची ती दगडी पायऱ्यांची वाट, प्रत्येक पायरीला एक भोक. धानाला पाणी पुरलं की तुम्ही लाकडी खुंट्याला धानाचं तणीस गुंडाळून, वर चिकणमाती थापून बुडी मारायचात. खाली एवढं गढूळ की डोळे उघडले काय आणि मिटले काय. भोक तुम्ही तळपायानं शोधायचात. पाण्याची ओढ हाताला लागली की हात मागं घ्यायचा नाही, त्या ओढीबरोबरच खुंटा भोकात जाऊ द्यायचा, असं तुम्ही सांगायचात. बुडी मारण्याआधी मधमाशीच्या मेणात कापूस मळून दोन्ही कानांत गच्च बसवायचात. आजोबांनी तसं शिकवलं होतं. तरी तिशीच्या आतच तुमचा डावा कान फुटला. पुढं तलावाला चाकानं फिरणारं लोखंडी दार बसलं आणि तुम्हाला कुणी बोलवेनासं झालं.

त्या फोटोनंतर मी जागांची एक वही केली. तुम्हाला एकदा असं पाणी दाखवायचं, बस. दुकानात इंटरनेट होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शोधायचो, छापायचो, संध्याकाळच्या बसनं घरी आणायचो. गोव्याचं पाणी बऱ्याचदा गढूळ, त्यावर काट मारली. लक्षद्वीपला आधी परवाना लागतो, तिथं प्रश्नचिन्ह ठेवलं. राहिलं अंदमान, त्यातही हॅवलॉक बेट की नील. मग राहायचं कुठं. एका ठिकाणी वाळूवर बांबूच्या झोपड्या, पण जेवणघर लांब. दुसरीकडे खोली पक्की, पण बोटीपर्यंत खडकावरून चालत जायचं. मी वाचत असे आणि तुमचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी एकच, "पानी कारं तं नाई ना?" काळं, म्हणजे आपल्या तलावासारखं. आई तव्यापाशी बसून ओरडायची, "समुद्र रांधून रायले का दोघं? इकडं भाजी कोन चिरन?" तुम्ही एका हातानं वांगी ओढून घ्यायचात आणि मला म्हणायचात, "तू वाच."

गोंदियाच्या बाजारातून मी तुम्हाला पोहायचा चष्मा आणून दिला. सराव म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लावून तुम्ही तलावात उतरलात, तेव्हा कपडे धुणाऱ्या बाया म्हणाल्या, "कोठी चालली मोटरसायकल, बुढ्या?" तुम्ही गेलात, वर आलात, चष्मा कपाळावर चढवलात. मी काठावरून विचारलं, काय दिसलं.

"मातीच हाये. पन जवरून दिसली."

इतकं हसताना तुम्हाला मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मग तो दिवस. एका ठिकाणच्या सूचना मी छापून आणल्या होत्या, इंग्रजीत. शब्दकोश घेऊन एकेक ओळ तुम्हाला मराठीत सांगत होतो. सातवी की आठवी सूचना होती, पाण्यात उतरताना कानात काहीही घालू नये. बोळा बसवला तर आतबाहेरचा दाब सारखा होत नाही आणि पडदा फाटतो. मी वाचून गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय वाचलं. तुम्ही वांगं चिरायचं थांबला होतात.

"मंजे मेनानं फुटला का माहा कान?"

मी शब्दकोश पुन्हा उघडला.

"माह्या बापानं सोताच्या हातानं भरून देल्लं होतं पयल्या दिवशी," तुम्ही म्हणालात. रागानं नाही. जरा वेळानं विचारलंत, "कान फुटलेल्या मानसाले नेतेत का थे लोक?"

सूचनांच्या शेवटी प्रश्नांचा तक्ता होता. त्यात कान फुटल्याचा प्रश्न होता, आणि उत्तर 'होय' असेल तर पाण्यात उतरता येणार नाही असं जाड अक्षरात लिहिलं होतं. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणालो, "नेतात."

त्या संध्याकाळनंतर मी जागा शोधणं थांबवलं. फक्त जागांना नावं ठेवणं चालू ठेवलं. हे ठिकाण धक्क्यापासून लांब आहे. त्या ठिकाणी पायऱ्या फार. आता मोसम संपला, आता समुद्र खवळलेला असतो, पुढच्या थंडीत पाहू. वर्षभर मी तुम्हाला असंच वाचून दाखवत राहिलो. छापलेला कागद म्हणजे माझ्यासाठी शेवटचा शब्द होता. ज्यांचं शिक्षण अर्ध्यावर सुटतं त्यांना कागदाची भीती जरा जास्तच वाटते. तुम्ही एकदा म्हणालात, "बेटा, तू रायाची जागा पायतस का बायको पायतस? हिचं नाक, तिचे दात." आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहत होतात, आणि ते पाहणं मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला माहीत होतं का, बाबा? माहीत असून रोज "वाच" म्हणत होतात का?

पुढच्या थंडीत तुम्हाला ताप आला, तो छातीत उतरला. बाराव्या दिवशी तुम्ही खाटेवर पडून आहात, मी उशाशी बसलो आहे, आणि वही घरातच आहे म्हणून मी ती उघडतो. दुसरं काय करावं ते मला सुचत नाही. मी झोपड्यांचं वाचतो, पक्क्या खोलीचं वाचतो. तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "आता कोनतीबी चालते. पान्याजवर असली मंजे झालं." मी त्या पानावर खूण करतो. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. रक्षा तलावातच सोडली, कारण दुसरं पाणी तुम्ही पाहिलेलंच नव्हतं.

याला आता तीन वर्षं झाली. चष्मा अजून खुंटीला आहे.

आज डॉक्टरांनी माझ्या कानातला मळ काढला. भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं. ते पाहत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्या माणसाचा कान तिसेक वर्षांपूर्वी फुटला असेल, तर त्याला समुद्राच्या तळाशी जाता येतं का. डॉक्टर गोंदियाचेच, हिंदीत बोलतात.

"अभी बहता है कान?"

"नाही. पुष्कळ वर्षांपासून नाही."

"फिर तो परदा भर भी गया होगा. बहुतों का अपने आप भर जाता है. देखे बिना कैसे बताऊँ? ले आइए उनको."

ले आइए उनको. मी हो म्हणालो. बाहेर उद्याच्या नंबरांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. वय विचारलं, तर तुम्ही गेलात तेव्हाचं नाही, आज असतात तर जे असतं ते सांगितलं. बाईंनी नावात एक वेलांटी चुकवली होती. मी ती दुरुस्त करून घेतली.

बाबा, त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यास परवानगी मिळू शकेल. ती मी त्याच दिवशी वाचली होती. एक शब्द अडला होता, तो शब्दकोशात पाहून खात्रीही केली होती. तुम्हाला डॉक्टरकडे नेलं आणि तो तुमच्या तोंडावर नाही म्हणाला तर काय, एवढ्याच भीतीनं मी कागद घडी करून वहीत ठेवला. तुम्ही बुडी मारताना ओढीतून हात कधी मागं घेतला नाही. मी घेतला.

चिठ्ठी माझ्या खिशात आहे. उद्या अकरा वाजताचा नंबर आहे, तुमच्या नावाचा. उद्या यायला उशीर होईल असं मी मालकांना सांगून ठेवलं आहे.