आडेलहाइड म्हणजे थोर कुळातली

बीड, शनिवार

प्रिय चैताली,

जय भीम. चार महिन्यांनी तुझ्याशी बोलतो आहे, तेही कागदावर. फोनवर मी पुन्हा आवाज चढवीन अशी भीती वाटते. तुझ्या आईचा गुडघा जरा बरा आहे. जावई अभिमन्यूराव परवा येऊन गेले. त्यांच्या व्हिसाची तारीख लागली म्हणून खुशीत होते. मागच्या रविवारी तुझी आई आणि मी पालीला जाऊन आलो. तिथल्या तलावावर बराच वेळ बसलो.

तू बाळाचं नाव आडेलहाइड ठेवल्याचं कळवलंस, त्याच दिवशी मी मोबाइलवर अर्थ शोधला. जुन्या जर्मन भाषेतले दोन शब्द जोडून झालेलं नाव. पहिला म्हणजे थोर घराणं, दुसरा म्हणजे प्रकार, वाण. थोर कुळातली! माझं डोकंच फिरलं. माणसाला कुळावरून मोजणं आपण छप्पन साली नाकारलं आणि तू तेच लेकीच्या कपाळी लिहितेस, असं मी तुला ओरडून म्हणालो. तू रडत फोन ठेवलास. बाळ तेव्हा बारा दिवसांचं होतं.

माझ्या आईचं नाव कचराबाई होतं, हे तुला ठाऊक आहे. दवाखान्यात कागद काढणारा माणूस ते मोठ्यांदा वाचायचा आणि बाकावरची माणसं हसायची. ती मान खाली घालून उभी राहायची. तू जन्मलीस तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "पोरीला चांगलं नाव ठेव बाबा. हाक मारली की तिची मान वर झाली पायजे."

बत्तीस वर्षं माजलगावच्या शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे अर्थापाशी थांबवेना. हजारेक वर्षांपूर्वी या नावाची एक राणी होऊन गेली. विशीच्या आत विधवा झाली. नवऱ्याचं राज्य बळकावणाऱ्यानं माझ्या पोराशी लग्न कर म्हणून तिला किल्ल्यात कोंडलं. ती काही बधली नाही. भिंतीखालून भुयार खणून निसटली आणि दलदलीत लपून राहिली, असं सांगतात. पुढं सम्राज्ञी झाली, नातू लहान म्हणून राज्यही चालवलं आणि गोरगरिबांना हात सैल सोडून दिलं. आणखी एक याच नावाची जर्मन राजकन्या इंग्लंडची राणी झाली. आपण पहाटे उठून ज्या अ‍ॅडलेडच्या मॅची बघायचो, ते शहर तिच्या नावाचं. हे सगळं मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली.

"राण्यांचं ऱ्हाऊ द्या. पोरीनं हे नाव कावून ठेवलं, इचारलं का तुमी तिला?"

मी विचारलं नव्हतं. मग तिनंच सांगितलं. तुझी तिकडं जर्मनीतली घरमालकीण, त्र्याऐंशी वर्षांची आडेलहाइडबाई, कळा सुरू झाल्यावर तुझ्याबरोबर दवाखान्यात आली. नवरा इकडे, आई इकडे. ती बाई सोळा तास तुझा हात धरून खुर्चीवर बसून राहिली. बाळाला पहिल्यांदा तिनंच दुपट्यात घेतलं. "मी जायाला पायजे होतं, तिथं ती म्हातारी होती," एवढं बोलून आई उठून आत गेली.

चैताली, आता खरं सांगतो. अर्थाचं निमित्त होतं. नातीसाठी मी एक नाव शोधून डायरीत लिहून ठेवलं होतं आणि तू विचारशील म्हणून वाट पाहत होतो. तू विचारलं नाहीस, ते मला लागलं. तेवढ्यावरून मी बाळंतिणीला रडवलं.

आज सकाळी आईकडून कळलं की नाव बदलायचा अर्ज तू भरला आहेस आणि सोमवारी देणार आहेस, माझ्यासाठी. म्हणून घाईनं हे लिहिलं. शेजारच्या बबिताकडून या पत्राचा फोटो काढून घेऊन आत्ताच मोबाइलवर पाठवतो. तो अर्ज देऊ नकोस, बाळा. फाडून टाक. आणि घरमालकीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना आपली भाषा कळत नाही, तरी मराठीतच सांग, की माझ्या लेकीजवळ बसलात, तुमचे लई उपकार झाले. उद्या फोन कर, म्हणजे मी नातीला तिच्या नावानं हाक मारीन. सकाळपासून म्हणून बघतोय, अजून जीभ अडखळते.

चुकलेले, पण तुझेच,
पप्पा