मॅडम शुद्धीत होत्या

धाराशिव, ता. ७ जानेवारी २०२५, दुपारी सव्वादोन. वॉर्डातल्या गाद्या उन्हात टाकून बसलोय.

॥ श्री ॥

ती. उमाताईस वीरभद्रचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुझं सगळं घर कान देतं, म्हणून हे पत्र गुंडप्पाकाकांच्या हाती तेरला पाठवतोय.

आमच्या विभागप्रमुख डॉ. महेश्वरी मॅडम तुला ठाऊक आहेत. राउंडला पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसतात. शिकाऊ डॉक्टरांनी आधी त्याची नावानं विचारपूस करायची, मगच कागद बघायचा. गेल्या आठवड्यात एका शिकाऊ डॉक्टरानं इंजेक्शन जास्त दिलं आणि ईट गावचे सोमलिंगआजोबा गेले. मॅडमनी त्यांच्या घरच्या आजीला स्वतःच्या खुर्चीत बसवून खरं सांगितलं. पोरगा दोन रात्री झोपला नव्हता, तरी मीच त्याला कामाला ठेवलं, चूक माझी, असं म्हणाल्या. खोलीत त्या दोघीच, आणि दारात मी.

आता चौकशी लागली आहे. कार्यालयातले साहेब म्हणतात, मॅडम त्या दिवशी भानावर नव्हत्या, काहीबाही बोलत होत्या, एवढंच समितीपुढं सांग, म्हणजे ती कबुली दवाखान्यावर येणार नाही. कंत्राट संपत आलंय हे ध्यानात ठेव, असंही म्हणाले. घास उतरत नाही. काय करू? रागाव, पण लिही.

तुझा,
वीरभद्र

तेर, ता. ९ जानेवारी

चि. वीरभद्र यास उमाताईचे अनेक आशीर्वाद.

काका पत्र देऊन चहाही न घेता गेले. तू लहानपणापासून असाच, सदऱ्याची गुंडी तुटली तरी उपाशी बसणारा.

मॅडम लई चांगल्या, व्हय. आईला दम लागला तेव्हा त्यांनी तिला अक्का म्हणून हाक मारली होती, ते मी विसरले न्हाय. पण त्या शिकलेल्या, कुठंही दवाखाना टाकतील. तुला दहावी नापासाला कोण विचारणार? आई माझ्याकडं आहे, पण तिची औषधं तुझ्या पगारावर आहेत. साहेब म्हणतात तेवढं बोल आणि मोकळा हो. मला वाईट म्हणायचं तर म्हण.

जेवत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
उमाताई

धाराशिव, ता. १५ जानेवारी

ती. उमाताईस शि. सा. नमस्कार.

परवा समितीपुढं गेलो. तुझं ऐकायचं ठरवूनच गेलो होतो. पण मॅडम समोर बसलेल्या. साहेबांनी दोनदा विचारलं. तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या, याला कशाला छळता, मी याला रक्तपेढीत पाठवलं होतं, हा तिथं नव्हताच.

ताई, मी तिथंच होतो. आजीसाठी पाणी त्यांनी मलाच आणायला लावलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी. मी मान खाली घालून बाहेर आलो.

मग त्या शुद्धीत होत्या हे सांगायला आजीशिवाय कुणी उरलं नाही, आणि आजीला कुणी बोलावलं नाही. मॅडमना सक्तीच्या रजेवर पाठवलंय. प्रकृतीचं कारण दाखवलंय.

आज नवीन सर राउंडला आले. खाटेच्या पायथ्याशी उभ्या उभ्या कागद वाचून पुढं गेले. शिकाऊ पोरंही त्यांच्यामागून गेली.

माझं कंत्राट वाढलं. आईला नोकरी टिकली एवढंच सांग. कशी टिकली ते सांगू नकोस.

तुझा,
वीरभद्र