शहाळं पाण्यात धरलं

२३ ऑगस्ट १९८६, शनिवार

जमलं! लवूच्या रिपोर्टमधले आकडे आणि माझा आलेख एकमेकांवर बसले. रक्तातल्या युरियाचं एक समीकरण, पेशींमधल्या युरियाचं दुसरं. मशीनवर रक्त धुतलं की आकडा खाली, मग पुढच्या डायलिसिसपर्यंत हळूहळू वर. पवईच्या कॉम्प्युटरवर आठवड्यातून एकदाच वेळ मिळतो, गेला महिना नुसता चुका काढण्यात गेला. धाकट्या भावाच्या किडन्या गेल्यावर पीएच्.डी.चा विषय सुचावा — मी पण काय बाई आहे!

२६ ऑगस्ट

लवूने विचारलंच. गणपतीला गावी जायचंय. पण गुरुवारी डायलिसिस करून निघालं तर मधला सोमवार चुकतो. डॉक्टर नाही म्हणाले म्हणे. म्हणून मुलुंडला माझ्याकडे आला.

"ताई, तू हिशेब कर. तू जा म्हणालीस तर जातो."

अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

३० ऑगस्ट

पाणी मोजून दिलं, जेवण बेताचं ठेवलं, तर युरिया पुढच्या गुरुवारपर्यंत हद्दीत राहतो. पुनःपुन्हा तपासलं. आलेख लवूबरोबर डॉक्टरांकडे पाठवला. मला कॉलेजमुळे जाता आलं नाही. बराच वेळ बघत होते म्हणाला. शेवटी, जा, पण पाणी सांभाळ, एवढंच बोलले.

८ सप्टेंबर, गावी

घर माणसांनी भरलंय. जो येतो तो लवूसाठी शहाळं घेऊन येतो. पडवीत ढीग लागलाय. लवू नको म्हणत होता. आई माझ्यावरच उखडली — "दुखणेकऱ्याक शहाळा नाय देवचा तर काय देवचा?"

खरंच की. नुसतं पाणी पिण्यापेक्षा पोटात काही चांगलं जाईल. त्याच्या वाटणीचं सगळं पाणी शहाळ्याचंच करून टाकलं. भांड्याने मोजून मीच देते. थेंबभरही जास्त नाही.

१० सप्टेंबर

लवू म्हणतो, पाय जड झालेत. आरतीला उभा राहून राहून झाले असतील. संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघं निघतोय.

११ सप्टेंबर

मुलुंड चेकनाक्यावर एसटीतून उतरला आणि रस्त्यातच बसला. पाय उचलेनात. नाडी इतकी हळू की मला वाटलं, माझंच बोट चुकतंय. टॅक्सीने घाटकोपरला, हॉस्पिटलात. हृदयाचा आलेख काढला. तो मला वाचता येत नाही, पण नर्स धावली ते दिसलं. इंजेक्शन, मग मशीन.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिलं? मी सांगत गेले. शहाळ्यापाशी त्यांनी मान वर केली. "कोणी दिलं?"

"मी."

पोटॅशियम! शहाळ्यात ठासून भरलेलं असतं. बिघडलेली किडनी ते बाहेर टाकत नाही, साचत जातं, आणि हृदय थांबतं. माझ्या समीकरणांत पोटॅशियम नव्हतंच. मी शहाळं पाण्यात धरलं.

आणि युरिया? माझ्या आलेखावर, अगदी बरोबर! कागद फाडून टाकावासा वाटला.

१२ सप्टेंबर

धोका टळला म्हणतात. लवू झोपलाय. ओठ पांढरे पडलेत.

डॉक्टरांवर खूप चिडले, मनातल्या मनात. एवढी साधी गोष्ट, आधी सांगायला काय झालं होतं? घरी येऊन गावाकडच्या आईवर चिडले, तेही मनातच. मग उरले मीच. वर्षभर दर आठवड्याला मी त्याचे आकडे मागितले. एकदाही त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले नाही. तो मशीनवर काय विचार करतो, हेही कधी विचारलं नाही. गाईड म्हणायचे, मॉडेलमध्ये जे घेतलं नाही ते शून्य धरलं असं समज. मी ते शिकवतेसुद्धा! मला माफी मागायची आहे आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही.

१३ सप्टेंबर

आज दोन घास खाल्ले. मला बघून हसला.

१४ सप्टेंबर

माफी मागितली. म्हटलं, मला माहीतच नव्हतं रे, कोणी सांगितलंच नाही.

लवू म्हणाला, "मला सांगितलं होतं डॉक्टरांनी. पहिल्याच महिन्यात."

मग प्यायलास का?

"तू मोजून दिलंस ना, ताई."