टोपीच्या चौकशीबद्दल, म्हणजे घोडीबद्दल

कोचकोर, मार्चचा दुसरा आठवडा

आदरणीय थोरले बंधू जुमाबाय बाइके यांस,

धाकट्या एसेनकुलचा आदबीचा सलाम. आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? जनावरं धष्टपुष्ट आहेत ना? (बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर आपल्याकडे एक मांजर आहे, हे ठाऊक आहे मला; पण जनावरांची विचारपूस न करता पत्र लिहिलं तर वडील कबरीतून उठून कान धरतील.) नातीच्या लग्नात आशीर्वाद देताना आईच्या हातची पांढरी लोकरी टोपी डोक्यावर हवी, म्हणून ती न्यायला रविवारी येतो, असा आपला निरोप पोचला. आनंद झाला. टोपीबद्दल पुढे लिहितोच. फोन केला असता, पण फोनवर आपण मध्ये बोलता.

आधी सायराकानबद्दल. शरद ऋतूत आपण आला होतात, टोपी आमच्या खुंटीवर विसरून गेलात, आणि जाताना आपल्या या धाकट्या भावजयीचं भिंतीवरचं चित्र पाहून म्हणालात, चिंध्या चिकटवून कुठे जनावर होतं का. आपण सहज बोललात. तिनं मात्र महिनाभर चिंध्यांचं पोतं उघडलं नाही. आपल्यासमोर ती मान वर करत नाही, घरातसुद्धा आपलं नाव न घेता 'मोठे' म्हणते, तेव्हा तिनं आपल्याला काही सांगितलं नसणारच. म्हणून मी सांगतो.

पोतं पुन्हा उघडलं ते घुबडासाठी. तिची पद्धत अशी, की पोतं जमिनीवर पालथं करायचं (लोकरीच्या नमद्याचे तुकडे, जुने परकर, चहाचे कागद, वर्तमानपत्रं), चहाचा पेला घेऊन समोर बसायचं आणि चहा थंड होईपर्यंत नुसतं बघायचं. खडूची रेघ नाही, माप नाही. शेजारची बर्मेत, जी खडूनं आखल्याशिवाय नमदा कापत नाही, ती मला म्हणाली, बायकोला डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, मी डॉक्टरच आहे, गुरांचा असलो म्हणून काय झालं. मीही एकदा न राहवून सायराकानला विचारलं, की काय करते आहेस? ती म्हणाली, "घाई नको. कोण आलंय ते अजून कळलं नाही."

जे आलं ते घुबड होतं, आणि त्याचे पंख म्हणजे माझं पदवीचं प्रमाणपत्र. दोन गोल शिक्के डोळ्यांच्या जागी असे काही बसले, की चाळीस वर्षांत त्यांनी कुणाकडे इतकं रोखून पाहिलं नव्हतं. मी रागावणार होतो. पण घुबडाकडे पाहिलं आणि खळीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. मग कोल्हा आला, त्यात माझा तांबडा स्वेटर गेला. बोकडाच्या वेळी मात्र मी मध्ये पडलो. मागचा पाय असा वाकत नाही म्हणालो, पट्टी घेऊन सांधे आखून दिले. बिचारीनं नवऱ्याचा मान राखून तसंच चिकटवलं. बोकड इस्त्रीच्या टेबलासारखा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं उचकटलं, तुकडे हातानं फाडून पुन्हा लावले, आणि तो बोकड आता भिंतीवरून उडी मारेल म्हणून मी खालून फुलदाणी हलवली आहे. बाइके, मी जनावरं आतून-बाहेरून पाहिली, कोपरापर्यंत हात घालून पाहिली. पण या बाईला जे दिसतं ते मला कधी दिसलं नाही. अभिमान वाटतो, आणि थोडी लाजही.

आता घोडी. फेब्रुवारीत तिनं तपकिरी तुकड्यांवर तुकडे लावत नेले, खळीचं पातेलं संपलं, आणि माझ्यासमोर वडिलांची घोडी उभी राहिली. तीच, जिच्यावर आपण मला पुढ्यात बसवून शाळेत न्यायचात. जिचा डावा कान एका हिवाळ्यात गारठून अर्धा गळला. ती मेली तेव्हा आपण गवताच्या गंजीमागे रडत होतात (मी पाहिलं होतं; आजवर बोललो नाही). सायराकान या घरात आली ती त्यानंतर बारा वर्षांनी. फोटो नाही, कुणी कधी वर्णन केलेलं नाही. मी विचारलं, हा कान अर्धा का? तर खळीचं बोट पुसत म्हणाली, "मला काय माहीत. हिचा तेवढाच आहे." मी बाहेर जाऊन उगीचच लाकडं फोडली.

फक्त कपाळावरचा पांढरा पट्टा राहिला होता. तीन आठवडे तिनं पांढरं शोधलं. चादर लावली, पिठाची पिशवी लावली, बर्मेतकडून नवा नमदा आणला. प्रत्येक वेळी मान हलवून काढून टाकलं. हवं होतं कोकराच्या लोकरीचं, जुनं, किंचित पिवळं पडलेलं पांढरं. असो. पत्र लांबलं. वहिनींना सलाम.

आपला धाकटा,
एसेनकुल

ता. क. येताना दुसरी एखादी टोपी घालून या. वारा फार आहे.

ता. क. २. बाइके, सायराकाननं त्या खुंटीला हात लावला नाही. मी एकदा तिकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाली, "ती मोठ्यांची आहे. घोडी तशीच राहू दे." कात्री मी चालवली. माणसाची जी टोपी जमिनीवर ठेवणंही पाप, तिला कात्री लावणं म्हणजे काय, हे मला शिकवू नका. घोडी आता दारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच टांगली आहे, म्हणजे टोपी निदान खाली ठेवलेली नाही.

ता. क. ३. तुकडा पुढे केला तेव्हा ती पांढरीफटक पडली. मी सांगितलं, की मोठ्यांनीच घोडीसाठी दिली आहे, फोन आला होता. ती बराच वेळ तो तुकडा मांडीवर घेऊन बसली, रडली, आणि मग एकदाच जागेवर लावला. पुन्हा हलवावा लागला नाही. तेव्हापासून ती आपल्यासाठी बोरसोकचे गोळे तळायची तयारी करते आहे. रविवारी घरात शिरल्यावर आपण फक्त 'हो, मीच दिली' एवढं म्हणा. शिव्या मला मिनीबसच्या थांब्यावरच द्या. मी तासभर आधीपासून तिथे उभा असेन, बोडक्या डोक्यानं.